टिचबटण

भवानी पेठेत माझं दुकान. बोर्डावर लिहिलंय,
पट्टे, पाकिटं, पिस्तुलाची कव्हरं.
शेरखाने हे आडनाव वाचून गिऱ्हाईक म्हणतं,
नाव शोभतं हो धंद्याला.
मी हसत नाही. तोंडात मेणाचा दोरा असतो.

आचारसंहिता लागली त्या आठवड्यात
वाघोलीचा प्लॉटवाला सातव आला.
पिस्तूल चौकीत जमा, पावती खिशात,
आणि कंबरेला सवयीनं रिकामं कव्हर.
शिवण उसवलेली. म्हणाला, लवकर दे,
हे नसलं की चालताना तोल जातो.

रात्री ते पेपरात गुंडाळून डिकीत टाकलं
आणि कोंढव्याला घरी निघालो.
गोळीबार मैदानाच्या चौकात नाकाबंदी.
चौकाचं नाव मी ठेवलेलं नाही.

हवालदार निगड्यांनी बॅटरी मारली.
लायसन. पीयूसी. डिकी उघडा.
पेपर सुटला, उजेडाचा गोल चामड्यावर थांबला,
आणि दोघं पोलीस एक पाऊल मागं सरले.
माझ्या शिवणकामाला इतका मान
आजवर कुणी दिला नव्हता.

मी हात वर केले, कुणी न सांगता.
चाळीस वर्षं हेच तर सांगत आलोय:
पोलिसानं अडवलं तर आधी गाडीतला दिवा लाव,
हात स्टिअरिंगवर ठेव, तोंडानं सांग,
साहेब, हत्यार आहे, उजव्या कंबरेला,
परवाना डाव्या खिशात, तुम्ही म्हणाल तसं काढतो.
दाखवतो म्हणून कंबरेकडं हात नेऊ नकोस.
शर्टाच्या आत ठेव, वरातीत मिरवायला
सरकारनं दिलेलं नाही ते.
सगळं ऐकून घेतात
आणि विचारतात, लाल चामड्यात मिळेल का?

"हत्यार कुठंय?" निगडे.
"तुमच्याकडंच की."
टोमणा नव्हता हो, खरंच तसं होतं.
पण पुण्यात खरं बोललं तरी टोमणाच वाटतो.

पीएसआय मॅडम पुढं आल्या. पाटीवर ढमढेरे.
वय माझ्या धाकटीएवढं.
सातवाला फोन लावला, तो उचलेना.
त्यांनी कव्हरात दोन बोटं घातली,
आतला पिस्तुलाचा आकार चाचपला,
जसा रिकाम्या चपलेत पाय कळतो.

मी त्यांच्या कंबरेकडं बघत होतो.
गैर समजू नका, धंद्याची नजर.
त्यांच्या कव्हराचं टिचबटण गेलेलं.
पट्टा नुसताच लोंबत होता,
आणि त्या पिस्तुलावर तळवा दाबून उभ्या,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.
कागद डाव्या हातानं बघत होत्या.

म्हटलं, मॅडम, बटण घाला आधी.
उघडताना टक् वाजतं ना,
तेवढ्यात माणूस डोळे मिचकावतो,
समोरच्याचा चेहरा पुन्हा बघतो.
मी चामडं विकत नाही,
तेवढा टक् विकतो.

निगडे म्हणाले, लई शहाणा आहेस.
तेवढ्यात सातवाचा फोन आला, झोपेतला.
पावतीचा नंबर जुळला. जा म्हणाले.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
हात होता तिथंच होता.

मंगळवारी दुकान उघडतोय तर साध्या ड्रेसात उभ्या,
रिकामं कव्हर पिशवीत, वर मेथीची जुडी.
बसल्या नाहीत. मी पितळी बटण ठोकलं,
त्यांनी दाबून बघितलं, उघडलं, पुन्हा दाबलं.
किती झाले?
अकरा रुपये.
सुटे नव्हते. वीसची नोट ठेवून गेल्या,
त्यांचे नऊ रुपये अजून गल्ल्यात वेगळे पडलेत.